चिरलेली वायर

ऋजुताची जुनी गाडी पाऊस भुरभुरला की आचके देई. ब्रिस्टलच्या गॅरेजमध्ये तिने ती दोनदा नेली, पण दोन्ही दिवशी कडकडीत ऊन पडलं होतं. इंजिन शहाण्यासारखं चाललं आणि मेकॅनिकने हात टेकले.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी पुण्याहून तिच्या भावाचा, पुष्करचा, फोन आला. बाबा गेले होते. दुपारच्या विमानात कशीबशी जागा मिळाली आणि ती हीथ्रोकडे निघाली. मोटरवेवर झिमझिम सुरू झाली. रीडिंग शहराच्या अलीकडे गाडीने आचके दिले, आणि कडेला घेईपर्यंत ती बंदच पडली.

ब्रेकडाउनवाला यायला दीड तास लागला. त्याने बॉनेट उघडलं, तिला स्टार्टर मारायला लावला आणि वायरींवर पाणी फवारलं. कॉइलच्या वायरीतून निळ्या ठिणग्या तडतडत बाहेर उडाल्या.

"वायर चिरलीय," तो म्हणाला. "ओल लागली की करंट वाटेतच निसटतो. कोरड्या हवेत कुणाला सापडणार?"

तो नवी वायर बसवत असताना तिने पुष्करला फोन लावला.

"ताई, गुरुजी विचारतायत. थांबू ना?"

तिने घड्याळ पाहिलं. विमान सुटायला पंचवीस मिनिटं उरली होती.

"नका थांबू रे," ती कशीबशी म्हणाली.

ब्रेकडाउनवाल्याने किल्ली फिरवली. त्या पावसातही इंजिन एका दमात सुरू झालं. "झालं! आता जा खुशाल," तो हसून म्हणाला.

ऋजुताने मान हलवली. पण कुठे जायचं, हे तिला कळेना.