दोन चाकांचं शीड

"ओढ! आनखी ओढ वं!" देवाजी ओरडला, पण तोवर दोर त्याच्या बायकोच्या, रुखमाबाईच्या हातांतून सर्रकन निघून गेला होता. अर्ध्यावर चढलेलं शीड आडव्या बांबूसकट धाडकन नावेत कोसळलं. बाजाराला निघालेल्या बाया टोपल्या सावरत बाजूला सरकल्या.

रुखमाबाईने तळहात उघडून पाहिले. दोन्ही सोलून निघाले होते. देवाजीने ते पाहिलं आणि मान वळवली.

"उतरा जी सगळे," तो म्हणाला. "आज नाव नाई जात."

वैनगंगेच्या त्या घाटावरून दर गुरुवारी देवाजीची नाव वरच्या अंगाला, बाजाराच्या गावी जाई. भादव्यात सडकेवरचे नाले भरले की बैलबंड्या अडत आणि सारं गाव या नावेवरच विसंबून असे. भरल्या नदीत नुसत्या बांबूने रेटून धार कापणं शक्य नव्हतं. मांजरपाटाचं दुहेरी शिवलेलं मोठं शीड चढवायचं आणि पश्चिमेच्या वाऱ्यावर जायचं. येताना नदीच आणून सोडी. शीड ओढायला दोन गडी लागत. सव्वीस वर्षं देवाजी आणि त्याचा धाकटा भाऊ मुखरू यांनी ते ओढलं. मग मुखरू कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात लागला. पौषात नावेला डांबर लावताना देवाजी दरडीवरून घसरला. उतरलेला खांदा बसवला, पण वाकडाच बसला. उजवा हात छातीच्या वर जाईना.

मुखरूचं पत्र आलं होतं. इकडे चौकीदाराची जागा आहे, वहिनीला घेऊन ये. देवाजीने खालच्या गावच्या बापूरावांना विकायची नाव पाहून जायचा निरोपही धाडला होता. ते पुढच्या गुरुवारी येणार होते. रुखमाबाई यावर हो म्हणाली नव्हती की नाही म्हणाली नव्हती.

"शीड कापून लहान करू," दुपारी तळहातांना हळद लावता लावता ती म्हणाली.

"लहान शिडानं नाव धारेतच फिरते. आन मोठं शीड म्हंजे बाईच्या हातचं काम नाई."

"बाईच्या हातचं नाई, आन तुमच्याई हातचं नाई आता."

 देवाजी उठून बाहेर पडला.

शाळेजवळ हातपंपाचं काम चाललं होतं. चैतू मिस्त्री चाळिशीचा, काडीसारखा माणूस. नाल्याच्या पुरामुळे दोन दिवस गावातच अडकला होता. लोखंडी तिवई उभी करून तो बोअरमधली पाईपांची रांग वर काढत होता. एकटाच.

देवाजी चिखलात उभा राहून बघत राहिला. शेवटी त्याला राहवेना.

"एवढं वजन कुठी जाऊन राह्यलं, मिस्त्री?"

"कुठीच नाई जात, भाऊ. अर्धं तिवई धरते, अर्धं मी धरतो." चैतूने बोटाने दाखवलं. दोराचं एक टोक तिवईलाच बांधलेलं. तिथून दोर खाली येऊन पाईपला अडकवलेल्या चाकातून फिरत होता, पुन्हा वर जाऊन दुसऱ्या चाकावरून हातात येत होता. "फक्त दोर दुप्पट लागते. हातभर वजन चढवाचं तं दोन हात दोर ओढा."

देवाजीने तीनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "जुनी चाकं असन तं दे मले."

चैतूने थैलीतून दोन घासलेली चाकं काढून दिली. "कायले पाह्यजेत, भाऊ?"

"बाईसाठी," देवाजी म्हणाला आणि स्वतःच चपापला.

पुढचे चार दिवस डोलकाठी काठावर आडवी पडून होती. शेंड्याला दोरासाठी पाडलेलं जुनं भोक झिजून खरबरीत झालं होतं. त्यात चाक बसेल एवढी खाच देवाजी डाव्या हाताने कोरत बसला. पटाशी सटके, आणि खाच तिरपी जाई. रुखमाबाई शेजारीच अंबाडीचा दुप्पट लांब दोर वळत होती.  तिसऱ्या दिवशी पटाशी अंगठ्यात रुतली, तेव्हा ती उठली आणि डोलकाठी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. मग खाच सरळ गेली. दुसरं चाक शिडाच्या बांबूला बांधलं आणि दोराचं एक टोक शेंड्याला. काठीला आणि शीड काठीशी धरणाऱ्या वेताच्या कड्यांना मोहाच्या टोरीचं तेल चोळलं.

गुरुवारी बापूराव चपला हातात घेऊन चिखल तुडवत आले. घाटावर माणसं जमली होती. देवाजी डोलकाठीपाशी उभा राहिला.

"ओढ."

रुखमाबाईने दोर ओढायला घेतला. शीड सरकलं. हळूच, पण सरकलं.

"बाई शीड चढवून राह्यली, बापा!" काठावरून कुणीतरी म्हणालं आणि दोघंचौघं हसली. दोन पुरुष उंचीवर एक कडं अडकलं. देवाजीचा उजवा हात सवयीने दोराकडे गेला आणि छातीपाशीच थांबला. डाव्या हाताने त्याने काठीवर दोन थापा मारल्या. कडं सुटलं. आता कुणी हसत नव्हतं. बांबू शेंड्याला टेकला. रुखमाबाईने पदराने तोंड पुसलं. तिला धापसुद्धा लागली नव्हती.

"लय हळू चढते," देवाजी म्हणाला.

"चढते ना पन?"

तेवढ्यात वारा आला आणि शीड फुगलं. रुखमाबाई दचकली. "अगं माय! दोर कसा थरथरते जी!"

ती थरथर देवाजीला ठाऊक होती. सव्वीस वर्षं ती त्याच्या मनगटातून खांद्यापर्यंत चढत आली होती.

"व्हय," तो म्हणाला. "थरथरते."

"मंग? नावेचं कसं कराचं, देवाजी?" बापूरावांनी काठावरून विचारलं.

"नाव चाल्ली बाजाराले. बसाचं असन तं बसा."

तो नावेच्या शेपटाकडे गेला आणि मोठं वल्हं डाव्या काखेत धरून बसला. बाया चढल्या, टोपल्या चढल्या. बापूराव क्षणभर थांबले आणि तेही चढले. नाव धारेला लागली. दोर खुंटीला बांधून झाला होता, तरी रुखमाबाई त्याच्यावर हात ठेवून उभी होती. देवाजीने तिला बस म्हटलं नाही.