गादीवाल्याची पोटगी

गादीच्या कारखान्यात त्याचं काम एकच होतं: गादीवर उजवा गुडघा टेकवायचा, अंग सोडायचं, उठायचं आणि "पास" किंवा "नापास" म्हणायचं. सगळे त्याला गुडघेबुवा म्हणत. मग कारखान्यानं एक यंत्र आणलं. त्याला लाकडी ढुंगण होतं आणि ते चहासुद्धा न मागता दिवसभर गाद्यांवर बसायचं. गुडघेबुवा घरी बसला.

नोकरी गेली म्हणून पोटगी थांबत नाही. बायकोची वेगळी, मुलीची वेगळी, दोन्ही एकाच तारखेला. वकीलबाईंनी बजावलं होतं, "रक्कम कमी करायचा अर्ज टाकू. तोवर झेपेल तेवढंच भरा आणि बाकीचं झेपत नाही म्हणून कळवा. उसनं अवसान आणू नका."

पण थकबाकीदार म्हणवून घेणं त्याच्या जिवावर आलं. आधी दुचाकी गेली, मग फ्रिज, मग स्वतःचा पलंग. फ्रिज गेल्यावर दूध नासू लागलं, म्हणून दूधच बंद केलं. पोटगी मात्र एक दिवस आधीच जायला लागली. शेवटी खोलीत मुलीची गादी तेवढी उरली. शनिवारी मुक्कामाला आली की मुलगी तिच्यावर झोपायची. गुडघेबुवानं स्वतः पास केलेली गादी! रक्कम कमी झाली तरच ती वाचणार होती.

कोर्टात बायको शेजारी उभी राहिली. संसारात ती त्याला अरे-तुरे करायची. अहो-जाहोचा मान त्याला घटस्फोटासोबत मिळाला.

"नोकरी कशानं गेली?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"लाकडी ढुंगणानं," तो म्हणाला.

"यांत्रिकीकरण," वकीलबाई घाईनं म्हणाल्या.

न्यायाधीशबाई बायकोकडे वळल्या. "पोटगी मिळते?"

या माणसावर उगाच बालंट यायला नको, म्हणून बायकोनं मनापासून सांगितलं, "मिळते तर! हल्ली एक दिवस आधीच. त्या बाबतीत हे अगदी चोख आहेत."

वकीलबाईंनी फायलीआड कपाळावर हात मारला.

"नोकरी नाही, तरी पूर्ण रक्कम? तीही आधी? पैसा येतो कुठून?"

पलंगातून, असं तो सांगणार होता. पण बायको त्याच्याकडेच बघत होती.

"बचत आहे," तो म्हणाला.

अर्ज फेटाळला गेला.

गादी घ्यायला आलेल्या माणसानं भाव पाडला. गुडघेबुवानं सवयीनं गुडघा टेकवून स्प्रिंगा दाखवल्या. "काका," तो माणूस म्हणाला, "गुडघ्याचे वेगळे पैसे मिळणार नाहीत."

शनिवारी बायको मुलीला सोडायला आली. एरवी ती खालूनच परतायची, पण दप्तर जड होतं म्हणून वर आली. फरशीवर चादर अशी ताणून घातली होती, की खाली काहीतरी असावं असं वाटावं.

"बाबा, गादी?"

"नवं मॉडेल. एकदम सपाट."

मुलीनं बापानं शिकवल्याप्रमाणे उजवा गुडघा टेकवला, अंग सोडलं, उठली. "नापास!" म्हणून ती हसली. मग बाकी कुणी हसत नाही हे बघून गप्प झाली.

बायकोनं रिकाम्या भिंती पाहिल्या, फ्रिजच्या जागी उरलेला चौकोनी डाग पाहिला. "अरे, कोर्टात बोलायचंस ना!"

"तू शेजारी होतीस."

या महिन्याचे राहू दे, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या घराचं भाडं त्याच पैशांतून जायचं.

"हिला इथं झोपवता यायचं नाही रे," ती हळूच म्हणाली. "गादी आली की सांग."

मुलीनं जिन्यातून दोनदा मागं वळून पाहिलं. तो दारात उभा राहून हात हलवत राहिला, जिना रिकामा झाल्यावरही.

मग आत आला. तारीख जवळ आली होती आणि विकण्यासारखं आता काय उरलंय, हे बघायला त्याला मान फिरवावी लागली नाही. त्यानं चादर उचलली, झटकली आणि चारी कोपरे जुळवून घडी घालायला बसला.