लाल टोपीवाली हरवली आहे

नाताळच्या आठवड्यात त्या चार मजली दुकानाने एक खेळ काढला होता. दर अर्ध्या तासाने माईकवाल्या बाई रडवेल्या आवाजात सांगायच्या, "एक मुलगी हरवली आहे हो! लाल टोपी, पांढरा झगा! कुणाला दिसली का?" मुलगी म्हणजे बाहुली. दुकानातले लोक तसल्या डझनभर बाहुल्या उशांच्या ढिगात नाहीतर तव्यांच्या मागे दडवायचे, आणि एखादी शोधून काउंटरवर आणणाऱ्याला दहा टक्के सवलतीचं कुपन. बाहुली शोधता शोधता गिऱ्हाइकं चारही मजले पालथे घालायची आणि नको असलेल्या वस्तू घेऊन घरी जायची. डोकं कुणाचं होतं माहीत नाही, पण होतं.

शिवाय दारात प्रत्येक पोराला एक लाल टोपी फुकट. माझ्या नातीलाही मिळाली. वय साडेचार, घरात तिला भिंगरी म्हणतात, यावरून काय ते समजा. पांढरा फ्रॉक तिला आईने घातला होता. त्यात दुकानाचा दोष नाही.

मी तिचा हात सोडला तो चष्मा पुसायला. चष्मा परत चढवला तर समोर नुसत्या पिशव्या आणि लोकांच्या कमरा. भिंगरी नाही.

पहिली दोन मिनिटं माणूस शहाण्यासारखा वागतो. मी खेळण्यांत पाहिलं, जिन्याखाली पाहिलं, कपडे बदलायच्या खोलीचा पडदा सारून एका बाईंच्या शिव्या खाल्ल्या. मग मागचं दार दिसलं. सताड उघडं. बाहेर ट्रकांतून माल उतरत होता, आणि ट्रकांपलीकडे हमरस्ता.

माईकपर्यंत कसा पोचलो, आठवत नाही.

"बाई, मुलगी हरवलीय!"

"काका, पुढची घोषणा साडेपाचला."

"अहो, बाहुली नाही! माझी नात! लाल टोपी, पांढरा फ्रॉक..."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माईक ओढला. "ऐका हो, खरंच एक मुलगी हरवली आहे! लाल टोपी, पांढरा फ्रॉक! अहो, हे खरं आहे!" या वेळी त्या खरोखर रडत होत्या. लोकांना ते फार आवडलं.

"आज काय रंगलीय बघ!" एक जण बायकोला म्हणाला आणि उशा उपसायला लागला. पाच मिनिटांत काउंटरवर सात बाहुल्या आल्या. प्रत्येक लाल टोपीला मी टाचा उंचावून बघायचो.

मॅनेजरला म्हटलं, "आधी दारं बंद करा."

"नाताळात? दारं?" मी त्याची किडनी मागितली होती जणू. "आजोबा, मुलं जातात कुठे? येईल फिरून."

"मागे ट्रक आहेत हो!"

"ते हळूच चालवतात."

तेवढ्यात रांगेतून एक धिप्पाड गृहस्थ पुढे घुसले. काखेत भिंगरी, पाय झाडणारी.

"लवकर कुपन काढा. ही चावते."

मी झेपावलो, तर त्यांनी तिला दुसऱ्या काखेत घेतलं. "ओ, रांगेत या! मी शोधलीय."

"साहेब, ही बाहुली नाही," मॅनेजर म्हणाला. "हिच्यावर सूट नाही."

"नाही कशी? लाल टोपी, पांढरा झगा, हरवलेली! तुमच्याच बाई बोंबलल्या ना? ट्रकच्या चाकामागून काढलीय, गुडघे फुटले माझे. कुपन द्या, नाहीतर होती तिथे ठेवून येतो."

ते गृहस्थ खरंच वळले. मागच्या दाराकडे दोन पावलं गेलेसुद्धा.

"बाहुलीच आहे ती!" मी ओरडलो. जन्मभर लोकांच्या थापांची टिंगल केली. ही थाप मी हात जोडून मारली. "मी स्वतः पाहिलंय लपवताना! द्या हो त्यांना कुपन!"

रांग माझ्या बाजूने झाली. "द्या, द्या!" मॅनेजरने कुपन फाडलं. गृहस्थांनी ते उजेडात धरून तारीख वाचली, मग भिंगरीला काउंटरवर ठेवलं.

मी तिचं मनगट धरलं आणि बाहेर पडलो.

"तू तिथे कशाला गेलीस गं?"

"टोपीवाल्या लपतात ना? बाई सांगत होत्या." ती उड्या मारत होती. "आजोबा, चाकामागे मस्त गरम होतं. मग ते घुर्रर्र करायला लागलं."

कोपऱ्यापर्यंत मी तिच्या मनगटावरची पकड सैल केली नाही.

"आजोबा, हात दुखतोय."

"दुखू दे," मी म्हटलं.