खर्ज खाणारी डबी

"ही डबी माझे सूर खाते," हॉलिस माझ्या पायाशी गुडघे टेकून पुटपुटला. "आधी ती निळी खात होती. तिला काढली, तर आता हिनं सुरू केलंय."

माझा कीबोर्ड त्याच्या अँपला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, खेटून असतो, त्यामुळे त्याची कुरकुर आधी माझ्या कानावर पडते. एरवी मी एखादा टोमणा मारलाच असता. त्या शनिवारी दुपारी मी थंड चहाचा ग्लास उचलला आणि रिकामाच तोंडाला लावला.

आम्ही डेटनला डीकन पर्विसच्या गॅरेजमध्ये वाजवतो. पर्विस चर्चमध्ये डीकन, म्हणजे पाद्रींचा मदतनीस, आणि इथे ड्रमवर. दोन्हीकडे त्याचं काम एकच, लोकांना ठेक्यात ठेवायचं. पुढच्या शनिवारी कामगार युनियनच्या हॉलची पिकनिक होती. आमचं सगळ्यात लाडकं गाणं हॉलिसच्या एकट्या बेस गिटारनं सुरू होतं, आणि ते सुरू झालं की लोक हातातलं खाणं तसंच टाकून नाचायला उठतात. पण उन्हाळा लागल्यापासून त्या सुरुवातीतले सूर गळत होते. ओळीतला एखादा दात पडावा तसा मधलाच सूर नाहीसा व्हायचा.

हॉलिसच्या पायाशी एक फळी असते, तिच्यावर त्याच्या पेडलच्या डब्या पट्टीनं बसवलेल्या. पायानं दाबलं की बेसचा आवाज बदलतो. डबीतली एखादी तार सुटली तर जोडून देते मी. कुठे शिकले? भाजलेल्या बोटांवर. पण निवडायला शिकवलं ते हॉलिसनं. "बेससाठी पेडल घेताना ते काय देतं ते बघू नकोस," तो सांगायचा, "काय खातं ते बघ." गिटारचं पेडल बेसला लावलं की गुरगुर झकास येते, पण खाली खर्ज उरत नाही. आवाज वाघाचा, वजन मांजराचं. म्हणून मूळ आवाज थोडा तसाच पुढे सोडता येईल, अशीच डबी तो घ्यायचा.

दुसरा नियम क्रमाचा. त्याच्या हिरव्या डबीला आम्ही बेडूक म्हणतो. तार जितक्या जोरात छेडाल तितकं तो तोंड उघडतो, "ड्वांव" करतो. हळू छेडली तर ढिम्म. कॉम्प्रेसर नावाच्या डबीचा स्वभाव उलटा. तो मोठ्या सुराला दाबतो, बारक्याला उचलतो, सगळ्यांना एका उंचीचं करून टाकतो. म्हणून बेडूक आधी आणि कॉम्प्रेसर मागून. नाहीतर बोटांत जोर किती आहे ते बेडकाला कळायचंच नाही. बायबलमधलं वचन एकवेळ हॉलिस विसरेल, पण हा क्रम नाही.

त्या दिवशी फळीवर कॉम्प्रेसर सगळ्यात आधी होता, आणि त्याचं बटण शेवटापर्यंत पिळलेलं. बेडूक कडेला, वायर काढून ठेवलेला.

बारक्याला उचलायला सांगितलं की कॉम्प्रेसर कचराही उचलतो. सूर विझला की मागून एक खरखर चढत यायची, बंद दाराला नाक लावून कुणीतरी श्वास घ्यावा तशी. हॉलिस घाईघाईनं पुढचा सूर वाजवायचा, आणि ती खरखर खाली बसायची. पुन्हा चढायची.

फळीवरचा क्रम मी पाहिला. पर्विसनंही पाहिला आणि तो ड्रमचा स्क्रू आवळत बसला. तो स्क्रू मुळात सैल नव्हता.

हॉलिस माझा धाकटा दीर. माझा गेलेला नवरा थॅड त्याचा मोठा भाऊ. ह्या टॉलिव्हरांच्या घरात एक आजार आहे, ए.एल.एस. नावाचा. नसा हळूहळू स्नायूंशी बोलणं सोडतात. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. घरात हे नाव कुणी घेत नाही. "ते" म्हणतात, आणि तेही मेलेल्या माणसाबद्दलच. सासऱ्यांच्या हातून चर्चमध्ये दानाची ताटली निसटली, तर ताटलीला पॉलिश जास्त झालंय असं ठरलं. थॅडला गाडीची किल्ली फिरवता येईना, तेव्हा आम्ही गाडीचं कुलूप बदललं. छान चाललं नवीन कुलूप. मला.

"खरखर फार आहे," पर्विस चर्चमधल्या सवयीनं म्हणाला. "ब्रदर हॉलिस, तो फ्रीझर त्याच लाइनवर आहे. बंद करून बघू."

"त्यात पिकनिकचे मासे आहेत," दारातून जोनेटा म्हणाली. ही हॉलिसची बायको. घडीच्या खुर्चीत बसून ती शेंगा मोडत होती. "वास सुटला तर तुमचं गाणं ऐकायला मांजरंच येतील, डीकन."

"मांजरं निदान वेळेवर येतात," पर्विस म्हणाला.

"आणि मिस्टर टॉलिव्हर, तुमच्या डब्या मोजल्या तर माझ्या स्वयंपाकघरात नसतील एवढ्या. त्यातली एकही भात शिजवत नाही."

आम्ही सगळे हसलो, विनोदाला लागत होतं त्यापेक्षा जास्त. फ्रीझर बंद झाला. खरखर थोडी उतरली, पण त्या शांततेत गळालेले सूर आणखीच उघडे पडले.

"केबल असेल," मी म्हटलं आणि दुसरी दिली. पहिली चांगली होती, मीच जोडलेली. दुसरीनंही तेच केलं.

"मग जुनी रीत," पर्विस काठ्या खाली ठेवत म्हणाला. "एकेक डबी काढायची आणि वाजवून बघायचं. चोर डब्यांच्या साखळीत असेल तर सापडतोच."

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"आधी जेवून घेऊ," मी म्हटलं. "किती उकडतंय! डोकं चालत नाही कुणाचं."

"नाही," हॉलिस म्हणाला. "काढा."

गुरगुरणारी डबी काढली. वाजवलं, मधला सूर नाही. खालच्या सप्तकाची काढली. नाही. एकेक डबी मी पर्विसच्या हत्यारांच्या फळीवर मांडत होते आणि साखळी आखूड होत होती. दारात शेंगा मोडल्याचा आवाज चालूच होता, टक, टक, हॉलिसपेक्षा नेमक्या ठेक्यात. शेवटी कॉम्प्रेसर तेवढा राहिला.

हॉलिसनं त्याच्यावर हात ठेवला. "हा असू दे."

"अरे, सूर खातो म्हणून शिव्या देत होतास ना त्याला?" पर्विस म्हणाला आणि पुन्हा ड्रमच्या स्क्रूकडे वळला.

हात माझ्या डोळ्यांसमोर होता. उजवा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये गुबगुबीत मांस असतं, तिथे खळगा पडला होता. त्या खळग्याशी माझी ओळख आहे. थॅडच्या हातावर रोज संध्याकाळी मी तिथंच तेल चोळायची. माझ्या बोटांखाली कातडी आपोआप थरथरायची, तळ्यात मासोळी हलावी तशी. मी दुसरीकडे बघितलं, कारण हॉलिस माझ्याकडेच बघत होता.

त्यानं हात उचलला. मी कॉम्प्रेसर काढला आणि बेसची वायर थेट अँपमध्ये घातली.

आता मध्ये काहीच नव्हतं. हॉलिसनं सुरुवात वाजवली. पहिला सूर आला. दुसरा आला, पण कुणी शेजारच्या घरात वाजवावा तसा. तिसरा आलाच नाही. बोट तारेवरून नुसतं घसरल्याचा आवाज आला. तो थांबला नाही. सबंध ओळ त्यानं तशीच वाजवली, ओठ घट्ट मिटून, आणि ज्या जागी सूर नव्हता त्या जागी त्याची मान हलत होती.

"मग बेसच बिघडलाय," तो म्हणाला. "आत काहीतरी सुटलंय. घे, व्हर्लीन. तू छेड."

बेस माझ्या गळ्यात आला. पर्विस खाली बघत होता. मला बेस वाजवता येत नाही, पण एक तार कुणालाही छेडता येते. मी माझं बोट अगदी हलकं ठेवलं, झोपलेल्या पोराच्या कपाळावरची माशी हाकलावी तेवढं. कसाबसा, पोकळ सूर निघाला.

"बघा!" पर्विस जवळजवळ ओरडलाच. "बेसच आहे! सिस्टर व्हर्लीनच्या हातूनही तसाच येतोय."

हॉलिसचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. "मी म्हणत नव्हतो? उघडून बघशील ना, व्हर्लीन?"

"उद्या चर्चनंतर उघडते," मी म्हटलं. मनात म्हटलं, चला, अजून एक आठवडा मिळाला.

"पिकनिकला दुसरा बेस मागून आणू," हॉलिस बोलत सुटला. "आणि नवा कॉम्प्रेसर. ह्याच्यात दम नाही. एक भारी येतो, त्यात खरखरही..."

दारातला टक टक आवाज थांबला होता.

जोनेटा उठली. मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या, तिनं उचलल्या नाहीत. बेसला ती "माझी सवत" म्हणायची, आणि एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं त्या सवतीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं. ती सरळ माझ्याजवळ आली. एप्रनला हात पुसले. पट्टा माझ्या खांद्यावरून काढला, स्वतःच्या गळ्यात घालायची तसदी घेतली नाही, केरसुणी धरावी तसा बेस मानेला धरला आणि अंगठ्यानं जाडी तार खेचून सोडली.

गॅरेजचं पत्र्याचं दार थडथडलं. ड्रमच्या झांजा आपल्या आपण किणकिणल्या. भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेले लोखंडी पाने हलले. सूर भरदार होता, खर्ज तळापासून शाबूत, आणि तो संपतच नव्हता. कुणी तारेवर हात ठेवला नाही.

"जोनेटा," हॉलिस म्हणाला. "नको."

"बेस चांगला आहे," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता, बाजारातून काय आणायचं ते सांगताना असतो तसा. "डब्या चांगल्या आहेत. केबल चांगली आहे. व्हर्लीन खोटं वाजवते आणि डीकन खोटं ऐकतो. सकाळी तुझी बटणं मी लावते, आणि वर आपण दोघं शिंप्याला शिव्या घालतो."

"मला पिकनिक होऊ दे," तो म्हणाला.

"पिकनिक होईल. सोमवारी तू माझ्याबरोबर डॉक्टरकडे येशील." तिनं बेस अँपला टेकवला आणि त्याचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हॉलिस, थॅडला झालं होतं ते तुला झालंय."