पडद्यावरचा त्र्याण्णव

राजूरच्या कोळसा खाणीत वामनरावांची छाती धुळीनं अशी भरली, की शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी लावून खाटेवर पडून राहणं एवढंच हाती उरलं. मग त्यांच्या दहावीतल्या लेकीनं, ममतानं, यवतमाळला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या शेजारच्या संघदीपदादाच्या मदतीनं एक यंत्र जोडलं. बाबांच्या बोटाला चिमटा, आणि रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा समोर छोट्या पडद्यावर.

प्रोग्रॅम सी भाषेतला, ममतानंच लिहिलेला. दादानं त्यात फक्त एक ओळ टाकली, असर्टची, म्हणजे काही चुकलं तर पुढे जाऊ न देणारी. चिमटा बोटाला असला की पॉइंटर, म्हणजे आकडा कुठे ठेवलाय ते सांगणारी खूण, ताज्या मोजणीचा पत्ता दाखवणार. चिमटा निसटला की पॉइंटर रिकामा, नल. तसं झालं की असर्ट प्रोग्रॅम जागीच थांबवणार आणि भोंगा वाजवणार.

बाबांचं बोट वाळून काडी झालेलं, चिमटा सारखा निसटायचा. खाणीच्या वस्तीत भोंगा म्हणजे खाली कोणीतरी अडकलं. म्हातारे खाणकामगार जेवणावरून उठून अनवाणी धावत यायचे. बाबांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"मयतीले यायचे लोकं तू रोजच बोलावून राह्यली पोरी," ते हसत म्हणाले.

ममताला ते हसणं सोसलं नाही. तिनं असर्ट काढला आणि लिहिलं, पॉइंटर रिकामा असेल तर मागचाच आकडा दाखव. काय शांतता झाली घरात! दादा फोनवर म्हणाला, असं करू नको, चूक झाकली जाईल. पण ममता तेव्हा हवेत होती. तिला सगळं येत होतं.

एका दुपारी झोपेत चिमटा निसटला, नळीही सरकली. तुळसाबाईनं, ममताच्या आईनं, दारातूनच पडद्यावर नजर टाकली. त्र्याण्णव. ती निवांत नळावर धुणं धुवायला गेली. ममता शाळेतून आली तेव्हा बाबा गार पडले होते. पडद्यावर त्र्याण्णवच.

भेटायला येईल त्या बाईला आई एकच सांगायची, "मी आकडा पाह्यलता माय. मलेच वाचता नसन आला." आकडे तिला ममतानंच शिकवले होते. आता ती भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायची, एकेका तारखेवर बोट ठेवायची आणि विचारायची, हा कोणता, अन् हा?

चौथ्या दिवशी ममतानं ते कॅलेंडर तिच्या हातातून काढून घेतलं.

"आई, तू बरोबर वाचलं. आकडाच खोटा होता. दादाची ओळ मी काढलती."

आईला ओळ म्हणजे काय ते कळलं नाही. ममतानं पुन्हा, सोपं करून सांगितलं. मग कळलं.

"त्याले सांगतलं होतं तू?"

"बाबाले? नाही."

संध्याकाळी शेजारची बिजलीबाई येऊन बसली. आईनं या वेळी आकड्याची गोष्ट काढली नाही. मग ममतानंच सांगायला सुरुवात केली, अगदी पहिल्यापासून. आई तिच्याकडे न बघता उठली आणि चहा टाकायला आत गेली.