मऊ टायर

गेनबा दारू पिऊन गाडी चालवत होता, असे मानसिंगराव भर चावडीत उभा राहून बोलला आणि गावाने ते मानले. गेनबाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. दारूचा वास आला तर तो रस्ता बदलून जायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. तरी मानले. मानसिंगरावाच्या कोळशाच्या भट्ट्यांवर अर्ध्या गावाची चूल पेटत होती. शिवाय मेलेला माणूस काही उठून उत्तर देत नाही.

गेनबाची आई धोंडाबाई त्यानंतर थोड्याच दिवसांत घराबाहेर पडेनाशी झाली. आधी ती रोज संध्याकाळी देवळात हरिपाठाला जायची. एकदा मागे बसलेली बाई दुसरीला हळूच म्हणाली, "माळ घालून कोन काय पीत आसंल, कुनी सांगावं!" धोंडाबाईने ते ऐकले, ती उठली आणि तडक घरी आली. धाकट्या लेकाला, कोंडिबाला, तिने एवढेच सांगितले, "ज्या तोंडानं माज्या गेनूला दारुड्या म्हनलं, त्याच तोंडानं ते मागं घ्यायला पायजे. चार मान्सांत. तवर म्या देवाला तोंड दावायची न्हाई."

कोंडिबा भोरच्या एका भाताच्या व्यापाऱ्याचा ट्रक चालवायचा. भावाने त्याला गाडी शिकवली होती, आणि गाडीच्या आधी टायर शिकवले होते. वेल्ह्याकडची वाट म्हणजे नुसती माती. पाऊस झाला की चाके रुतायची. तिथे टायरातली हवा थोडी सोडायची. मऊ टायर पसरतो, चिखलावर तरतो. पण चेलाडीच्या फाट्यावर पुण्या-साताऱ्याची पक्की सडक लागली की उतरायचे, पंप काढायचा आणि टायर पुन्हा दगडासारखा करायचा. ओझे असेल, मागे दुसरी गाडी बांधलेली असेल, तर नेहमीपेक्षाही जास्त हवा मारायची. पक्क्या सडकेवर मऊ टायर दर फेऱ्याला दबतो, त्याच्या कडा वाकतात, वाकून वाकून तापतात आणि शेवटी फुटतात. ते सगळे टायर हाताने भरायचे म्हणजे खांद्याचा पिट्टा पडतो. गेनबाने त्याचा कधी कंटाळा केला नाही.

त्या दिवशीही केला नव्हता. फाट्यावरच्या पानवाल्याने कोंडिबाला चोरून सांगितले होते. मानसिंगरावाच्या कोळशाने भरलेली गाडी थांबवून गेनबाने पंप बाहेर काढला, तेवढ्यात मागून मानसिंगरावाची मोटार आली. मानसिंगराव खिडकीतून काहीतरी ओरडला, आणि गेनबाने पंप पुन्हा आत टाकला. पुढे ट्रक, मागे मोटार, असे दोघे पुण्याकडे गेले. कात्रजचा बोगदा ओलांडून उतार लागला तिथे मागचा टायर फुटला आणि गाडी दरीत गेली. दुसऱ्या दिवशी कोंडिबा दरीत उतरला. उरलेले टायर त्याने अंगठ्याने दाबून पाहिले. मऊ होते.

त्याने हे चावडीत सांगितले, तेव्हा मानसिंगराव हसला होता.

"आरं खुळ्या, मऊ टायरानं कुनी मरतं व्हय? मान्सं दारूनं मरत्यात."

चावडीही हसली होती. पानवाला तेव्हा तिथे नव्हता, आणि असता तरी बोलला नसता. त्याची टपरी मानसिंगरावाच्याच जागेत होती.

त्याला वर्ष होऊन गेले. लढाईचे दिवस होते. टायर परमिटाशिवाय मिळत नव्हते, पेट्रोल मोजून मिळायचे, आणि लष्कराला मात्र कोळसा हवा होता. पावसाळा सरता सरता मानसिंगरावाच्या नव्या ट्रकचा गिअरबॉक्स मार्गासनीजवळ मोडला. गाडी गळ्यापर्यंत भरलेली, ड्रायव्हर हिवतापाने आडवा पडलेला. दुसऱ्या दिवशी माल पुण्यात पोचला नाही तर ठेका दुसऱ्याला जाणार होता. त्या वाटेवर दुसरा ट्रक एकच होता.

मानसिंगराव स्वतः चालत कोंडिबाच्या दारी आला.

"कोंडिबा, गाडी वढून न्ह्यायची. पुण्यापतूर. तुज्या मालकाशी बोललोय म्या."

कोंडिबा अंगणात भाकरी खात होता. तो उठला नाही. "उद्या नसरापूरचा बाजार. फाट्यावर लई गर्दी आसती. परवा न्हिऊ."

"परवा काय उपेगाचं? उद्याच न्ह्यायला पायजे."

"मागल्या गाडीचं चाक कोन धरनार?"

"म्या धरतो की. आपून काय आयते मालक झालो व्हय? आपूनबी गाडी हाकलीया."

"बरं हाय," कोंडिबा म्हणाला. "उद्या तर उद्या."

मानसिंगराव गेल्यावर गेनबाची बायको सगुणाबाई दारात आली. पदर कमरेला खोचलेला, डोळे लाल.

"भावजी, त्याची गाडी वढनार तुमी? आन् आमी हितं बसून बगायचं?"

"हितं बसून नगं, वैनी. आईला घिऊन उद्या बाजाराला या. फाट्यावर झाडाखाली बसा."

"अत्याबाई दाराभाईर पडत न्हाईत, ठावं न्हाई व्हय तुमाला?"

"म्हनावं, कोंडिबानं बोलीवलंय. मानसिंग बोलनार हाय म्हनावं."

संध्याकाळ होईपर्यंत कोंडिबा गाडीशी खपला. मागे दुसरी भरलेली गाडी ओढायची म्हणजे सगळा भार मागच्या चाकांवर येणार, म्हणून खोल खाचांचे चारही टायर त्याने मागे चढवले. झिजून गुळगुळीत झालेले, पण कडा शाबूत असलेले दोन पुढे घातले. एक टायर आतून ठिगळ लावलेला होता, तो बाजूला ठेवला. खिळा, खडा, चीर, काही राहू नये म्हणून त्याने प्रत्येकावरून तळहात फिरवला. आपण हे इतक्या काळजीने का करतो आहोत, हे त्याला पक्के माहीत होते. टायर फुटला तर मानसिंग मरेल. मेलेले तोंड कोंडिबाला नको होते.

सकाळी मार्गासनीला दोन्ही गाड्यांमध्ये साखळी बांधली. पुढे ओढ्याजवळ चिखल होता. कोंडिबाने दोन्ही गाड्यांच्या सगळ्या टायरांची हवा सोडायला सुरुवात केली, तेव्हा मानसिंगराव खुशीत म्हणाला, "सोड, सोड. भाऊबी तुजा आसाच हुशार व्हता. निस्तं एक दारूचं येसन नसतं तर!"

 कोंडिबाने पुढच्या टायराचे बूच काढले.

चिखल निघाला, नसरापूर मागे पडले आणि भर बाजाराच्या वेळी दोन्ही गाड्या फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. बैलगाड्या, शेळ्या, मडकी, कांद्यांचे ढीग. गावची निम्मी माणसे तिथेच होती. भजनातले म्हातारे चिमाजीबुवा होते, चावडीत हसलेले पंच होते. झाडाखाली धोंडाबाई सुनेला टेकून बसली होती. कोंडिबाने आईकडे एकदा पाहिले. साखळी तपासली, पाणी प्याला आणि पुन्हा गाडीत चढून बसला.

"आरं ए!" मागून मानसिंगराव ओरडला. "हवा? हवा कोन मारनार?"

कोंडिबाने खिडकीतून मान बाहेर काढली. "कशाला? उशीर व्हतोय. तुमालाच घाई हाय."

"टायर मऊ हायती, गाढवा!"

"आसूं द्या की." कोंडिबाने आवाज चढवला, बाजारभर जाईल इतका. "मऊ टायरानं कुनी मरतं व्हय, मानसिंगराव? तुमीच म्हनला व्हता, चावडीत."

आजूबाजूची चार माणसे वळली. पंचांपैकी एकाला ते शब्द आठवले असावेत, कारण त्याने खाली पाहिले. बाकीच्यांना नुसती गंमत वाटली.

"चेष्टा बास झाली. उतर खाली आन् पंप काड."

"चेष्टा न्हाई. म्याबी मऊ टायरावरच हाय. मरायचंच झालं तर फुडं म्या हाय, आदी म्या मरीन की. बसा गुमान."

"बसा की मानसिंगराव!" गर्दीतून कोणीतरी ओरडले. "दारू न्हाई ना प्यालात? मग कसलं भ्या!"

हशा पिकला. मानसिंगरावाचे कान तापले. उतरून चालू लागावे तर ठेका गेला, आणि मऊ टायराची भीती वाटते असे म्हणावे तर चावडीतले बोलणे खोटे पडले. त्याने दात आवळून चाक धरले. "चल! बगतो तुजी मस्ती!"

कोंडिबाने गाडी सोडली. साखळी ताणली गेली आणि दोन्ही गाड्या सडकेला लागल्या. कोंडिबा अगदी सावकाश जात होता. गर्दीतली बरीच माणसे तमाशा बघायला कडेकडेने चालू लागली. मानसिंगरावाच्या हातात चाक जड झाले, पुढचे मऊ टायर वळता वळेनात. आणि समोर, साखळीच्या पलीकडे, कोंडिबाच्या ट्रकचे मागचे टायर ओझ्याने चेपून दोन्ही बाजूंना फुगले होते, मळलेल्या कणकेसारखे. दर फेऱ्याला फुगत होते, दबत होते. हे त्याने आधी पाहिले होते. आपल्या मोटारीतून, याच सडकेवर, गेनबाच्या मागे, थेट बोगद्यापर्यंत.

मागच्या गाडीचा भोंगा वाजायला लागला. कोंडिबा थांबला नाही. भोंगा वाजतच राहिला, मग नुसते ओरडणे ऐकू आले.

"थांब! थांब, मेल्या! मला मारतूस का काय!"

कोंडिबाने गाडी उभी केली. मानसिंगराव उडी मारून खाली आला. धोतराचा सोगा सुटलेला, पागोटे गाडीतच राहिलेले. लोकांनी त्याला घेरले. सगुणाबाई सासूला धरून जमेल तितक्या भरभर येत होती.

"कसं काय मरनार?" कोंडिबा खाली उतरून म्हणाला. "मऊ टायरानं?"

"फुटतो त्यो! सडकंला तापतो आन् फुटतो, लहान पोराला ठावं हाय!"

"तुमाला ठावं व्हतं?"

आपण काय बोलून बसलो ते मानसिंगरावाच्या ध्यानात आले, पण उशीर झाला होता. पानवाला गर्दीत मागे उभा होता. तो आता, सगळ्यांच्या आडून का होईना, बोलला, "गेनबानं पंप काडला व्हता. म्या बगितलाय. ह्येंनी आत टाकाय लावला."

"ए, तुजी टपरी—" मानसिंगराव वळला, पण चिमाजीबुवा मध्ये आले. म्हातारा कधी मोठ्याने बोलत नसे. आताही बोलला नाही. "काय म्हनला व्हता गेनबाला? सांगा."

मानसिंगराव सगळ्यांकडे पाहत राहिला. एकही चेहरा वळला नाही. हेच लोक त्याच्या भट्ट्यांवर काम करत होते, पण इथे फाट्यावर ते एकटेदुकटे नव्हते.

"म्हनलो, चल," तो शेवटी म्हणाला. "पुन्यात कोळशाच्या डेपोचं फाटक बंद व्हईल म्हनलो. हवा मारत बसलास तर उद्यापास्नं गाडीवर चढू नगंस म्हनलो. मला काय ठावं... एवढं..."

"प्याला व्हता का त्यो?" धोंडाबाईचा आवाज.

ती समोर येऊन उभी होती. मानसिंगरावाने तिच्याकडे पाहिले नाही.

"तोंड वर करून सांग. प्याला व्हता का माजा गेनू?"

"न्हाई."

"म्होट्यानं."

"न्हाई म्हनलो ना! प्याला नव्हता. कदीच प्याला नव्हता."

 एका पंचाने पुढे होऊन "धोंडाबाई, आमचं चुकलं" असे म्हटले, पण तिने त्याच्याकडे लक्ष दिले नाही. ती सडकेच्या कडेला एका दगडावर बसली, पाय पोटाशी घेऊन, जसे लांबणाऱ्या कामाला बसतात तशी.

कोंडिबाला वाटले होते, हे ऐकले की छातीतला जाळ विझेल. तो विझला नव्हता. भाऊ दरीतच होता. त्याने ट्रकमधून पंप काढला आणि मानसिंगरावाच्या पायाशी टाकला.

"घ्या. मारा हवा. दोन्ही गाड्यांना. मग पुन्याला न्हेतो, बोललो तसं."

"म्या?"

"तुमीबी गाडी हाकलीया म्हनला न्हवं!"

मानसिंगरावाने आजूबाजूला पाहिले. पुढे व्हायला कुणीच तयार नव्हते. त्याने अंगरखा काढला, नळी जोडली आणि दांडा दाबला. वर, खाली. वर, खाली. ऊन चढत गेले. लोक उठेनात; कांदे, मडकी, शेळ्या सोडून सडकेच्या दोन्ही कडांना बसून राहिले. मागच्या चाकांपर्यंत येईतो त्याची पाठ घामाने निथळू लागली. त्याच्या भट्टीवरचा एक माणूस न राहवून उठला.

"हात लावू नगंस," धोंडाबाई म्हणाली. तो खाली बसला.

एकेक टायर भरत गेला. कोंडिबा प्रत्येकावर हातोडी मारून पाहत होता. टण् असा आवाज आला की पुढे. शेवटचा टायर भरला तेव्हा मानसिंगरावाला उभे राहता येईना. तो पंपाच्या दांड्यावरच वाकून धापा टाकत होता. कोंडिबाने हातोडी मारली. टायर खणखणीत वाजला. सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

कोंडिबाने आईकडे पाहिले. तिने हळूच नकारार्थी मान हलवली.

"मऊ हाय अजून," कोंडिबा म्हणाला.

मानसिंगरावाने त्याच्याकडे पाहिले, मग म्हातारीकडे. मग त्याने दांडा पुन्हा दोन्ही हातांनी धरला.