शिडीवरून जे दिसले

मी एक जुनी शिडी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते की मी फार थकले आहे. मशिदीच्या मागच्या भिंतीशी, नमाजाआधी हातपाय धुण्याच्या म्हणजे वुजूच्या नळांजवळ, मला आडवी टाकून ठेवली आहे. येणारेजाणारे माझ्यावर ओले रुमाल वाळत घालतात. एक मांजर माझ्या आडोशाला पिल्ले घालते आणि वर मलाच फिसकारते. मला पुन्हा कुणी उभी करील अशी आशा मला नाही, आणि खरे सांगायचे तर इच्छाही नाही. जन्मभर उभे राहून काढलेल्याला शेवटी आडवे व्हायला मिळाले, तर त्याने कुरकुर करू नये.

माझा जन्म एका फटकळ सुताराच्या अंगणात झाला. माझ्या पायऱ्यांसाठी आणलेल्या लाकडातली एक पट्टी त्याने गाठ दिसताच बाजूला फेकली. गिऱ्हाईक म्हणाले, "एवढ्याशा गाठीने काय होतंय?" सुतार म्हणाला, "यावर माणूस चढणार आहे, पोपट नाही." आजकाल मी असे कुणाला म्हणताना ऐकत नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे एक रंगारी. उंच, किडकिडीत आणि बोलण्यात भलताच कंजूष. मी त्याच्या घरी आले आणि त्याच्याच खांद्यावर म्हातारी झाले. काम संपले की तो माझ्यावर उडालेले रंगाचे थेंब पुसून काढी. उन्हाळ्यात मला तेल पाजी. त्याची बायको म्हणे, "माझ्या केसांना तेल नाही आणि शिडीला आहे!" तो हसे आणि तेलाचा डबा तिच्यापुढे सरकवी.

या रंगाऱ्याची एक रीत होती. मला भिंतीला टेकवले की तो लगेच वर चढत नसे. आधी खणखणीत आवाजात हाक देई, "शिडी लागतेय हो! पडदा करा!" कारण उंचावरून शेजारच्यांची अंगणे दिसतात, खिडक्यांतून घरे दिसतात. कुणी न्हाऊन केस वाळवत असते, कुणी उघड्या अंगाने पडलेले असते. हाक ऐकली की पडदे सरकत, कुणी वाळत घातलेले कपडे आत नेई, कुणी खिडकी लोटून घेई. तो थांबून राही. मग बिस्मिल्ला म्हणून माझ्यावर पाय ठेवी आणि नजर ब्रशच्या टोकापलीकडे जाऊ देत नसे. दुसरे रंगारी त्याची टिंगल करत, "हा भिंत रंगवतो की बांग देतो?" तो म्हणे, "दोन्ही उंचावरूनच करायचं असतं."

मला मागायलाही सगळी गल्ली येई. कुणाला पंखा बसवायचा, कुणाचा पतंग अडकला, कुणाच्या छपराचा पत्रा हलला. रंगारी कुणालाच नाही म्हणत नसे. माझी मात्र हाडे खिळखिळी होत. शिडी न्यायला माणसे धावत येतात आणि परत करायची वेळ आली की त्यांना कामे आठवतात. मी कितीदा दुसऱ्यांच्या अंगणात पावसात भिजत पडले, त्याची मोजदादच नाही. रंगारी मला शोधून आणी, पुसून ठेवी आणि कुणाला एक शब्द बोलत नसे. मला त्याचा राग येई. चांगुलपणा त्याचा आणि पाठ माझी!

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगते आहे, तिच्याकडे येते.

गल्लीत एक कापडाचे दुकान होते. त्याच्या मालकाला सगळे शेठ म्हणत. शेठ मशिदीत पहिल्या रांगेत उभे राहत, दुसऱ्याच्या अडीअडचणीला धावून जात. त्यांचे वडील, म्हणजे गल्लीचे अब्बा, पूर्वी दुकानात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम करत. पुढे त्यांना विसर पडू लागला. मग ते दिसेनासे झाले. शेठ म्हणाले, "अब्बा बहिणीकडे गेलेत, तिकडची हवा त्यांना मानवते." लोकांनी मान डोलावली. मुलीच्या घरी बाप सुखात आहे, यात विचारण्यासारखे काय होते?

एकदा रंगारी शेठच्या घराच्या मागच्या बाजूला, पाववाल्याच्या घराची भिंत रंगवत होता. त्याने हाक दिली. शेठच्या घरातला खालचा पडदा ओढला गेला. वरच्या मजल्यावर कापडाचे गठ्ठे ठेवायची खोली होती. तिच्या जाळी मारलेल्या खिडकीला कुणी पडदा केला नाही, कारण तिथे कुणी राहतच नव्हते ना! रंगारी वर पोहोचला आणि त्या खिडकीतून आवाज आला, "अरे, कोण आहे? दुपारची, जोहरची अजान झाली का?"

रंगाऱ्याची नजर पहिल्यांदाच ब्रशच्या टोकापलीकडे गेली. खिडकीत अब्बा होते. दाढी वाढलेली, कपडे मळलेले आणि ओले. मागे एक गादी, एक बादली, पाण्याचे भांडे.

"झाली, अब्बा," रंगारी म्हणाला. "मघाशीच झाली."

"या खोलीत वेळच कळत नाही रे." अब्बा जाळीला बोटे अडकवून उभे होते. मग एकदम त्यांना भान आले असावे. ते हळू आवाजात म्हणाले, "कुणाला सांगू नकोस हं. माझा मुलगा वाईट नाही. दमलाय तो."

रंगारी खाली उतरला. त्या दिवशी त्याने भिंत अर्धीच सोडली.

मित्रांनो, त्या वेळी त्याने ही गोष्ट चौकात सांगितली असती तर संध्याकाळपर्यंत शेठची अब्रू धुळीला मिळाली असती. त्याने तसे केले नाही. आणि जाऊ दे, आपल्याला काय करायचे आहे, असे म्हणून तो गप्पही बसला नाही. दुपार उतरल्यावरची असरची नमाज झाल्यावर सगळे पांगेपर्यंत तो थांबला आणि मशिदीच्या मागच्या बाजूला त्याने शेठना एकटे गाठले. भिंतीला कान असतात म्हणतात. भिंतीला टेकलेल्या शिडीलाही असतात.

"शेठ, वरच्या खिडकीतून मला अब्बा दिसले."

शेठचा चेहरा पांढरा पडला.

"मी कुणाला बोललो नाही," रंगारी म्हणाला. "पण त्यांना खाली आणा. पहाटे फजरच्या नमाजानंतर मी रोज येतो. दोघं मिळून त्यांना आंघोळ घालू, कपडे बदलू. दोघं असलो की जड जात नाही."

शेठ जर त्या क्षणी रडले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणसाला लाज वाटली की तो पुष्कळदा रागावतो. "अब्बा एकदा ओल्या कपड्यांनी दुकानात आले होते, गिऱ्हाइकांसमोर," ते म्हणाले. "माझी बायको रात्रंदिवस धुणी धूत होती. तुला काय माहीत?" मग त्यांचा आवाज चढला. "आणि तू माझ्या घरात डोकावलासच कसा?"

"मी हाक दिली होती, शेठ."

"निघ इथून!"

मग शेठनी फक्त दोघांना सांगितले, की रंगारी शिडीवरून बायकामुलींच्या खोल्यांत डोकावतो. वर बजावले, की कुणाला बोलू नका. त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांना माहीत झाले. उचलली जीभ लावली टाळ्याला! ज्या माणसाच्या हाकेने इतकी वर्षे पडदे पडले, त्याच्याबद्दल लोकांनी हे मानलेच कसे, ते मला अजून समजत नाही. पण मानले. पाववाल्याने उरलेली अर्धी भिंत दुसऱ्याकडून रंगवून घेतली. सलामाला उत्तरे तुटक येऊ लागली. मला मागायलाही कुणी येईना. पहिले काही दिवस, कबूल करते, मला बरे वाटले. पाठ टेकायला मिळाली होती. मग रंगाऱ्याचे ब्रश वाळून काठीसारखे झाले आणि मला माझ्या विश्रांतीचा वीट आला.

त्याच्या बायकोला त्याने सगळे सांगितले नव्हते, पण ती काही खुळी नव्हती. ती म्हणाली, "चोराच्या उलट्या बोंबा चालल्यात. तुम्ही काय पाहिलंत ते सांगून का टाकत नाही?"

"सांगितलं तर माझं नाव धुऊन निघेल. आणि त्या म्हाताऱ्या माणसाला तशा अवस्थेत सगळी गल्ली बघायला जाईल."

"मग त्याला तसाच राहू द्यायचा?"

हा प्रश्न माझ्याही मनात होता. झाकून ठेवल्याने कोंडलेला सुटत नाही. रंगाऱ्याने वाळलेला ब्रश खाली ठेवला. मग म्हणाला, "शुक्रवारपर्यंत शेठची वाट बघतो. नाही ऐकलं तर मौलानांना घेऊन त्यांच्या घरी जातो. घरी, मशिदीच्या अंगणात नव्हे."

आणि फजर झाली की तो रोज शेठच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राही. दार उघडत नसे. तो बंद दाराला सलाम करून परत येई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शुक्रवार उजाडण्याआधीच, गुरुवारी दुपारी, शेठ धावत रंगाऱ्याच्या दारात आले. डोक्यावर टोपी नव्हती. "शिडी," ते म्हणाले, "शिडी द्या. अब्बा दाराला टेकून पडलेत. दार आतल्या बाजूला उघडतं. ढकललं तर त्यांनाच लागेल. हाक मारतोय, ओ देत नाहीत."

पडद्याआडून रंगाऱ्याची बायको म्हणाली, "डोकावणाऱ्याची शिडी कशाला हवी आता?"

ती चूक होती असे मी म्हणणार नाही. पण तिचे बोलणे पुरे होईपर्यंत मी रंगाऱ्याच्या खांद्यावर होते आणि तो पळत होता. इतक्या वेगाने तो मला घेऊन कधीच धावला नव्हता.

शेठनी माझे पाय धरले. रंगारी वर चढला, जाळी उपटली, आणि आत उडी मारताना त्याच्या पायाचा सगळा जोर माझ्या वरच्या पायरीवर आला. ती मधोमध मोडली. पण तो आत पोहोचला होता. अब्बा पाणी घ्यायला उठताना पडले होते. श्वास चालू होता. रंगाऱ्याने त्यांना अलगद बाजूला घेतले, आपला सदरा काढून त्यांना घातला आणि मग दार उघडले. शेठनी बापाला उचलून खाली आणले आणि हवा लागावी म्हणून मागच्या दारात, अगदी माझ्या पायाशी, बसवले.

तोवर गल्ली जमली होती. पाववाला आला, चष्मेवाला शिंपी आला. शिंप्याने डोळे बारीक करून विचारले, "अब्बा, तुम्ही तर मुलीकडे होतात ना?"

अब्बांनी मुलाकडे पाहिले. "होतो की," ते म्हणाले. "आजच आलो. यानेच आणलं मला."

त्यांना खरेच तसे वाटत होते, की ते मुलाला पाठीशी घालत होते, हे मला कळले नाही. रंगारी उघड्या अंगाने, खाली मान घालून उभा होता. गर्दीत कुणीतरी खुसखुसले, "बघा, खिडकीची वाट याला बरोब्बर ठाऊक!"

"गप्प बसा!" शेठ ओरडले. मग बापाचा हात हातात धरून ते खाली मातीत बसले. "अब्बा कुठेच गेले नव्हते. मी त्यांना वर कोंडलं होतं. यांनी पाहिलं, मला एकट्याला समजावलं, आणि मी यांच्यावर आळ घेतला. हे अजूनही गप्पच आहेत. बघा, अजूनही गप्पच आहेत!"

पाववाला नजर चुकवत दुसऱ्याकडून रंगवून घेतलेल्या आपल्या अर्ध्या भिंतीकडे बघत राहिला. रंगाऱ्याने वाकून शेठच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "पाणी गरम करा, शेठ. आधी अब्बांना आंघोळ घालू."

त्यानंतर फजर झाली की ते दार उघडू लागले. अब्बा खालच्या खोलीत आले. कधी ओळखत, कधी ओळखत नसत, पण अजान त्यांना ऐकू येई. ते जाईपर्यंत दोघांनी त्यांची सेवा केली. शेठनी ज्या दोघांना ते खोटे सांगितले होते, त्यांच्या घरी जाऊन खरे सांगितले. पण ते खोटे पुढे ज्यांच्या ज्यांच्या कानी गेले, त्या सगळ्यांपर्यंत त्यांना पोहोचता आले नाही. अजूनही एखादे घर रंगाऱ्याला काम देताना कचरते. फुटलेली हंडी सांधली तरी पाझरतेच.

माझी पायरी तारेने बांधून पाहिली, पण माझ्यावर कुणाचा भरवसा राहिला नाही. आता गल्लीत चकचकीत ॲल्युमिनियमच्या शिड्या आल्या आहेत. हलक्या आहेत, मजबूत आहेत. माझे त्यांच्याशी भांडण नाही. फक्त त्यांच्यावर चढणारी माणसे हाक देत नाहीत, एवढे मला खटकते.

मित्रांनो, मागून आणलेली वस्तू पुसून परत करा, एवढी विनंती तर मी माझ्यासाठी करते. दुसरी विनंती रंगाऱ्याच्या वतीने आहे. कधी ना कधी तुम्हालाही कुणाच्या घरातले काही दिसेल. ते बघून गंमत घेत उभे राहू नका, आणि पाठ फिरवून निघूनही जाऊ नका. दोन्ही सोपे आहे. त्याने जे केले ते अवघड होते, आणि ते किती जड असते हे मी माझ्या पाठीवर सोसले आहे.

रंगारी आता म्हातारा झाला आहे. वुजूला आला की माझ्यावर टेकून चपला काढतो. परवा चष्मेवाला शिंपी त्याच्या शेजारी बसला होता. इतक्या वर्षांनीही शिंप्याच्या मनातून ते प्रकरण गेले नव्हते. तो म्हणाला, "अरे, तू तेव्हाच सांगून टाकलं असतंस तर एवढं सोसावं लागलं नसतं."

रंगाऱ्याने नळ बंद केला. "सांगितलं होतं की," तो म्हणाला. "ज्याला सांगायचं, त्याला."